प्लुटोचे फोटो कसे वाचायचे: आधी वर्णन, मग नाव, कारण सगळ्यात शेवटी

आमच्या जळगावच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी प्लुटोचा फोटो टाकतं आणि खाली एका ओळीत निकालही लावून मोकळं होतं, की ही बघा आपल्या काळ्या रानाला चैत्र-वैशाखात पडतात तशी भेगाळलेली जमीन म्हणजे तिथे आधी पाणी होतं आणि ते आटलं. फोटो खरा असतो, भेगांसारखं काहीतरी दिसतं हेही खरं, पण निष्कर्ष साफ चुकीचा असतो. पाच-सहा वर्षं पोरांसोबत हे फोटो बघतोय, आणि चूक जवळपास दरवेळी एकाच जागी होते: आकार ओळखीचा वाटला की लगेच कारणही ओळखीचं धरलं जातं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका, कारण यात अर्ध्याहून जास्त काम क्रमाचंच आहे.

उदाहरणं प्लुटोची घेतोय. नासाचं न्यू होरायझन्स यान १४ जुलै २०१५ ला त्याच्या पृष्ठभागापासून साधारण १२,५०० किलोमीटरवरून गेलं आणि त्याचे फोटो सगळ्यांना मोफत मिळतात. हीच पद्धत गुरूचा चंद्र युरोपा किंवा शनीचा चंद्र एन्सेलाडसलाही चालते, फक्त कॅमेऱ्याचे आकडे बदलतील.

टप्पा ० : आधी आपलं खान्देश बघा

हा टप्पा सगळे गाळतात आणि नेमकी तिथेच पुढची निम्मी चूक होते. मोबाईल नको, कम्प्युटरवर सॅटेलाईट नकाशा उघडा आणि सातपुड्यावर जा, तोरणमाळच्या आसपास. उत्तर वरच्या बाजूला ठेवा. आता डोंगराच्या रांगा बघा. खूप जणांना रांगा खोल दरीसारख्या आणि दऱ्या उंच धारेसारख्या दिसतील. असं का होतं? आपण उत्तर गोलार्धात, सॅटेलाईटचे बरेचसे फोटो सकाळी घेतलेले आणि त्यातही हिवाळ्यातले, म्हणजे ऊन दक्षिण-आग्नेयेकडून आणि सावल्या डोंगराच्या उत्तर अंगाला, म्हणजे स्क्रीनवर वरच्या बाजूला. आणि आपल्या मेंदूला जन्मापासून सवय आहे की उजेड वरून येतो. मग तो चित्र उलटं वाचतो. आता तोच फोटो १८० अंशात फिरवा, डोंगर परत डोंगर होतात.

हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी, ओळखीच्या डोंगरावर झालेलं बघितलं की प्लुटोवर फसायचं प्रमाण खूप कमी होतं. माझ्यासमोर शिरपूरच्या एका पोराने फोटो फिरवला आणि त्याच्या तोंडून निघालं, "हाई काय शे भो!" तेव्हापासून प्रत्येक नव्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो.

दुसरी गोष्ट उजेडाच्या उंचीची. संध्याकाळी पाचला नांगरलेल्या शेतात उभं राहिलं की प्रत्येक सरी-वरंबा वेगळा दिसतो, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी तेच शेत सपाट चादरीसारखं दिसतं, कारण तेव्हा आपल्याकडे सूर्य जवळपास डोक्यावर असतो. शेत तेच आहे, फक्त सावली गेली. प्लुटोच्या फोटोतही जिथे सूर्य तिरपा आहे तिथे खडबडीतपणा उठून दिसतो आणि जिथे वर आहे तिथे फक्त काळं-पांढरं दिसतं. त्यामुळे "हा भाग गुळगुळीत, तो खडबडीत" असं म्हणण्याआधी दोन्हीकडे ऊन सारखं होतं का ते बघा.

टप्पा १ : मूळ फाईल मिळवा

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो वापरायचाच नाही. तो दाबून छोटा केलेला असतो, कडांना चौकोनी ठिपके आलेले असतात आणि लोक त्या ठिपक्यांनाच "इमारती" म्हणतात. यानाचा डेटा नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टीममध्ये आहे, फिट्स नावाच्या फॉरमॅटमध्ये, आणि जुळवून केलेले तयार नकाशे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ॲस्ट्रोजिऑलॉजी विभागाकडे आहेत. प्लुटोचा पूर्ण गोलाचा नकाशा ३०० मीटर प्रति पिक्सेलवर मिळतो. फिट्स फाईल उघडायला डीएस९ किंवा इमेजजे, दोन्ही फुकट आणि साध्या लॅपटॉपवर चालणारे.

लॉरी या कॅमेऱ्याच्या फाईलच्या नावात शेवटी-शेवटी ईएनजी किंवा एससीआय अशी अक्षरं असतात. ईएनजी म्हणजे कच्ची फाईल, एससीआय म्हणजे कॅमेऱ्याचे दोष काढून दुरुस्त केलेली. नवीन माणसाने एससीआयच घ्यायची. लॉरीला शटर नाही, त्यामुळे कच्च्या फाईलमध्ये उजळ भागाच्या वर-खाली उभ्या पुसट रेषा येतात, आणि त्या रेषांना डोंगराचे कडे समजणारे मी पाहिलेत.

इशारा: मोबाईलमधलं "फोटो क्लिअर करा" टाईपचं कुठलंही एआय ॲप इथे वापरू नका, अगदी बघायला म्हणूनही नको. ते ॲप फोटोत नसलेले बारकावे स्वतःच्या अंदाजाने भरतं, आणि एकदा डोळ्याला ते दिसले की मूळ फोटोतही दिसायला लागतात.

टप्पा २ : एक पिक्सेल म्हणजे किती, ते कागदावर लिहा

हा टप्पा झाल्याशिवाय फोटोकडे बघूसुद्धा नका असं मी सांगतो. लॉरीच्या एका पिक्सेलचा कोन ४.९५ मायक्रोरेडियन आहे. सोप्या भाषेत, अंतर एक लाख किलोमीटर असेल तर एक पिक्सेल साधारण अर्धा किलोमीटरचा. बाकी सगळं त्रैराशिक.

हृदयाच्या आकाराचा पांढरा भाग दिसणारा तो प्रसिद्ध फोटो आठवतो ना, तो ७,६८,००० किलोमीटरवरून घेतलेला. म्हणजे एक पिक्सेल ३.८ किलोमीटरचा. प्लुटोचा व्यास २,३७७ किलोमीटर, म्हणजे अख्खा गोल जेमतेम ६२५ पिक्सेलचा. तो फोटो पोस्टरएवढा छापला तरी माहिती तेवढीच राहते. याउलट सगळ्यात जवळून घेतलेली जी पट्टी आहे ती सुमारे ८० मीटर प्रति पिक्सेलची, पण रुंदी फक्त ८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जळगाव ते धुळे अंतरापेक्षा थोडी कमी. बाकी प्लुटो यापेक्षा धूसरच आहे.

कधीकधी कॅमेरा आडवे चार आणि उभे चार पिक्सेल एकत्र करून २५६ बाय २५६ चा फोटो देतो. तेव्हा पिक्सेल चारपट मोठा धरायचा. हे विसरलं की उंच्या, रुंद्या सगळंच चारपट चुकतं.

तपासा: जी गोष्ट तीन पिक्सेलपेक्षा लहान आहे तिच्याबद्दल "काहीतरी आहे" एवढंच लिहायचं. आकार सांगायचा असेल तर निदान आठ-दहा पिक्सेल हवेत. हा माझा कामचलाऊ नियम आहे, पण त्याने खूप वाद वाचतात. एकाने मला ३.८ किलोमीटरवाल्या फोटोत "नदीचं पात्र" दाखवलं होतं, मोजलं तर रुंदी दीड पिक्सेल. आपली तापी भुसावळजवळ आहे तशीच्या तशी प्लुटोवर नेऊन ठेवली तरी त्या फोटोत ती दिसणार नाही.

टप्पा ३ : उजेड कुठून येतोय

फोटोवर बाण काढा. खरंच काढा, पेन्सिलने किंवा सॉफ्टवेअरमध्ये, मनातल्या मनात नको. फाईलसोबतच्या माहितीत सूर्याची दिशा असते, ती नसेल तर एखादं पक्कं, स्वच्छ विवर (धडकेने पडलेला गोल खड्डा) शोधा आणि त्याची उजळ बाजू बघा. खड्ड्यात सूर्यापासून लांबची आतली भिंत उजळते आणि जवळची सावलीत जाते, टेकाडाचं बरोबर उलटं. मग फोटो असा फिरवा की उजेड वरून किंवा डावीकडे वरून येईल, आणि पुढचं सगळं काम त्याच स्थितीत करा.

प्लुटोबाबत अजून एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. २०१५ मध्ये त्याचा उत्तर ध्रुव सूर्याकडे कललेला होता आणि दक्षिणेला साधारण ३८ अंशांच्या खाली ध्रुवीय रात्र होती. त्यामुळे नकाशात खालचा भाग काळा किंवा रिकामा दिसतो तो काळ्या मातीचा प्रदेश वगैरे नाही, तिथे उजेडच नव्हता. आणि गोलाची दुसरी बाजू यानाने लांबूनच पाहिली, कारण प्लुटो स्वतःभोवती फिरायला ६.४ दिवस घेतो आणि यान थांबणारं नव्हतं. ती बाजू नकाशात गुळगुळीत दिसते ती याचमुळे. "एक बाजू डोंगराळ, एक बाजू सपाट" हा निष्कर्ष मी किती वेळा खोडलाय याची गणती नाही.

टप्पा ४ : काळं-पांढरं आणि उंच-सखल वेगळं करा

हा सगळ्यात अवघड टप्पा, इथे वेळ द्या. फोटोत एखादा भाग गडद दिसतो तेव्हा तीन कारणं असू शकतात: तिथे सावली आहे, तिथला उतार सूर्यापासून पाठ फिरवून आहे, किंवा तिथला पदार्थच गडद आहे. पहिल्या दोन गोष्टी आकाराबद्दल सांगतात, तिसरी पदार्थाबद्दल.

वेगळं कसं करायचं? त्याच जागेचा दुसऱ्या वेळी, दुसऱ्या कोनातून घेतलेला फोटो शोधा. सावली बदलेल, डाग बदलणार नाही. दुसरा फोटो नसेल तर बघा की गडद भागाच्या समोर, सूर्याकडे तोंड करून, जोडीचा उजळ उतार आहे का. उतारांची अशी जोडी बहुतेक वेळा दिसते, डागाला जोडी लागत नाही. प्लुटोच्या विषुववृत्ताजवळचा बेल्टन रेजिओ नावाचा तांबूस-काळा पट्टा हा पदार्थाचा रंग आहे, मिथेनवर सूर्याच्या अतिनील किरणांचा वगैरे मारा होऊन तयार झालेल्या काजळीसारख्या सेंद्रिय थराचा. त्या पट्ट्यात डोंगर आहेत, विवरं आहेत, आणि ती गडदपणामुळे दिसत नाहीत, सावल्यांमुळे दिसतात.

अजून एक बारकावा. चंद्रावर सावलीतला भाग ठार काळा असतो, पण प्लुटोला विरळ नायट्रोजनचं वातावरण आणि त्यात धुरकट थर आहेत, ते थोडा उजेड सावलीत फेकतात. त्यामुळे सावलीच्या आतही कॉन्ट्रास्ट वाढवून काहीतरी दिसू शकतं. पण वाढवताना मूळ प्रत वेगळी ठेवा आणि कुठे किती वाढवलं ते लिहून ठेवा, नाहीतर पंधरा दिवसांनी तुम्हालाच कळणार नाही की उजळपणा प्लुटोचा होता की तुमचा.

टप्पा ५ : रंगावर विश्वास ठेवण्याआधी

लॉरी फक्त कृष्णधवल. रंग येतात ते राल्फ उपकरणातल्या एमव्हीआयसी कॅमेऱ्यातून, आणि त्याचे फिल्टर आहेत निळा, लाल, जवळचा इन्फ्रारेड आणि मिथेनचा. हिरवा फिल्टर नाहीच. जे निळे-केशरी झगमगीत फोटो फिरतात त्यात सहसा इन्फ्रारेडला लाल, लालला हिरवं आणि निळ्याला निळं असं बसवलेलं असतं आणि वर रंगातला फरक ताणलेला असतो. डोळ्यांना प्लुटो बराच फिका, तपकिरी-बदामी दिसेल. ताणलेले रंग वाईट नाहीत, दोन भागांत फरक आहे हे ते छान सांगतात. फरक कशाचा आहे हे मात्र सांगत नाहीत.

पदार्थ ओळखायचा तर राल्फमधल्याच लीसा या इन्फ्रारेड वर्णपटमापकाचे नकाशे बघावे लागतात. त्यात नायट्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साईड आणि पाण्याचा बर्फ वेगवेगळे दिसतात. इथे एक चूक कायमची डोक्यातून काढा: पांढरं म्हणजे पाण्याचा बर्फ नव्हे. हृदयाचा डावा पांढरा भाग, स्पुटनिक प्लॅनिशिया, मुख्यतः गोठलेल्या नायट्रोजनचा आहे. त्याच्या कडेचे डोंगर पाण्याच्या बर्फाचे, कारण उणे २३० अंश सेल्सियसच्या आसपास पाण्याचा बर्फ दगडासारखा कडक असतो आणि नायट्रोजनचा बर्फ इतका मऊ की त्याचे काही किलोमीटर उंच डोंगर उभेच राहणार नाहीत.

टप्पा ६ : आता वर्णन, आणि फक्त वर्णन

वही घ्या. प्रत्येक गोष्टीला आकार, लांबी-रुंदी, कडा धारदार की गोलसर, एकटी की रांगेत, शेजारच्या गोष्टीला कापते की तिच्याकडून कापली जाते, एवढंच लिहा. "ज्वालामुखी", "हिमनदी", "भेग" हे शब्द या टप्प्यात बंद.

हे काही मी काढलेलं खूळ नाही, ग्रहांवरच्या अधिकृत नावांचीही हीच पद्धत आहे. प्लॅनिशिया म्हणजे सखल सपाट प्रदेश, मॉन्टेस म्हणजे डोंगर, फॉसा म्हणजे लांब चर, मॅक्युला म्हणजे गडद डाग. नाव दिसण्याचं, कारणाचं नाही. राइट मॉन्स हे त्याचं चांगलं उदाहरण: सुमारे १५० किलोमीटर रुंद, चारेक किलोमीटर उंच, मधोमध मोठा खळगा. बर्फाचा ज्वालामुखी असावा असं बऱ्याच संशोधकांचं म्हणणं आहे, तरी नावात फक्त "डोंगर" आहे.

कोण कुणाला कापतं हे नीट बघा, वय त्यातूनच कळतं. चिखलाच्या रस्त्यावर बैलगाडीच्या चाकोरीवरून ट्रॅक्टरच्या टायरचा ठसा गेला असेल तर ट्रॅक्टर नंतर गेला, याला पुरावा लागत नाही. सरावाला परत घरी या: धुळे-नंदुरबार भागात सॅटेलाईट नकाशावर लांबच लांब, सरळ, बारीक धारा दिसतात, बऱ्याचशा पूर्व-पश्चिमेकडे कललेल्या. ते डाइक आहेत, लाव्ह्याच्या थरांना पडलेल्या फटींत नंतर शिरून गोठलेला कडक खडक. आजूबाजूचा थर झिजला आणि ते भिंतीसारखे उभे राहिले. ते थरांना कापतात, म्हणून थरांपेक्षा नंतरचे. आणि बघा, मुळात ती फट होती, आज ती भिंत आहे. नुसता आकार बघून कारण सांगणाऱ्याने हे उदाहरण खिशात ठेवावं.

टप्पा ७ : खड्डा दिसला म्हणून विवर नाही

स्पुटनिक प्लॅनिशियाच्या जवळून घेतलेल्या फोटोत हजारो बारीक खड्डे आहेत आणि नवीन माणूस त्यांना धडकेची विवरं म्हणून मोजायला बसतो. थांबा आणि विचारा: कड उचललेली आहे का? बाहेर फेकलेला माल पसरलाय का? लहान-मोठे सगळे आकार मिसळलेले आहेत का, आणि जागा वाटेल तशी विखुरलेली आहे का? या खड्ड्यांत उत्तरं "नाही" येतात. कड नाही, फेकलेला माल नाही, आकार बरेचसे सारखे आणि पुष्कळदा रांगेत. त्यामुळे ते नायट्रोजनचा बर्फ सरळ वाफ होऊन उडून गेल्याने पडलेले खळगे मानले जातात.

खरी धडकेची विवरं त्या मैदानात सापडलेलीच नाहीत, म्हणून त्याचा पृष्ठभाग फार तर १ कोटी वर्षांचा असं गणित निघालं. उलट बर्नी हे विवर बघा, अडीचशे किलोमीटरच्या आसपास रुंद, जुनं, झिजलेलं, पण कड कळते.

इशारा: गोलाच्या कडेजवळ गोल विवर लांबट दिसतं, कारण आपण तिरपं बघतोय. लांबट म्हणजे तिरपी धडक, असं लिहू नका. आणि एकाच फोटोत दिसणारा एकटा पांढरा ठिपका बहुतेक वेळा वैश्विक किरणाचा असतो, दुसऱ्या फोटोत नसेल तर खोडून टाका.

टप्पा ८ : उंची मोजा

सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उंचीचा टॅन्जेंट. समजा पिक्सेल ८० मीटरचा, सावली ५० पिक्सेल, म्हणजे ४ किलोमीटर. सूर्य क्षितिजापासून २५ अंशांवर, टॅन्जेंट ०.४६६. उंची साधारण १.९ किलोमीटर. सावली बाणाच्या दिशेनेच मोजा, आडवी नको, आणि ती सपाट जागेवर पडली पाहिजे, उतारावर पडली तर उत्तर चुकतं. एकदा अंगणात एक मीटरची काठी उभी करून हे करून बघा, मगच प्लुटोवर जा. दोन कोनांतले फोटो असतील तर लाल-निळ्या चष्म्याने थ्रीडी बघता येतं, नुसत्या सावलीपेक्षा ते जास्त भरवशाचं.

टप्पा ९ : कारण, आणि तेही एकापेक्षा जास्त

आता त्या भेगांकडे येऊ. स्पुटनिक प्लॅनिशियावर बहुकोनी तुकडे आहेत, कडेला चर, दिसायला थेट आपल्या कपाशीच्या रानासारखे. वहीतलं वर्णन काढा: एकेक तुकडा १० ते ४० किलोमीटरचा. तुकड्याचा मध्य कडेपेक्षा किंचित उंच. पदार्थ नायट्रोजनचा मऊ बर्फ. विवरं शून्य.

आता दोन कारणं समोरासमोर ठेवा. आटून भेगा: काळी माती पाणी सोडते, आकसते, फाटते, तुकडे हात-दीड हाताचे होतात. आकसण्याने ४० किलोमीटरचे तुकडे, मध्यभागी फुगलेले, आणि पृष्ठभाग इतका कोवळा राहणं, हे जमवणं अवघड जातं. दुसरं कारण, खालून उब मिळून मऊ बर्फ सावकाश मध्यातून वर येतो आणि कडेला खाली जातो, पातेल्यात वरण रटरटतं तसं, फक्त वेग वर्षाला काही सेंटीमीटर. यात मध्य उंच का, कडेला चर का, विवरं का टिकत नाहीत, तिन्हींची उत्तरं मिळतात. म्हणून आज हेच मानलं जातं. जुलै २०१५ मध्ये संशोधकांपुढेही दोन्ही पर्याय होते, तेव्हा ग्रुपवरच्या पोराला भेगा आठवल्या यात काही गैर नाही, त्याने मोजमाप न करता पहिलाच पर्याय पक्का केला एवढंच.

प्रत्येक कारणापुढे "खात्री", "शक्यता जास्त" किंवा "अंदाज" यातला एक शब्द लिहा, आणि त्याखाली एक ओळ: काय दिसलं तर मी हे कारण सोडून देईन. ही ओळ सुचत नसेल तर परत टप्पा ६ वर जा.

पहिला सराव म्हणून अल-इद्रिसी मॉन्टेसच्या पायथ्याचा भाग घ्या, स्पुटनिकच्या वायव्य काठावर, ८० मीटरवाल्या पट्टीतला. डोंगर आणि मैदान जिथे भेटतात तिथे समांतर बारीक रेघा आहेत. दोन रेघांमधलं अंतर मोजा, पाच ते बारा पिक्सेल, म्हणजे ४०० मीटर ते १ किलोमीटरच्या आसपास यायला हवं. काही संशोधकांनी २०१८ मध्ये त्यांना मिथेन बर्फाच्या कणांचे वाऱ्याने रचलेले ढिगारे म्हटलंय. तुम्ही आधी वर्णन लिहा, उजेडाचा बाण काढा, रेघांची दिशा डोंगरकडेशी कशी आहे ते टिपा, आणि मग वहीचं पान ग्रुपवर टाका. नुसता फोटो नको, पानच टाका.